मामा, थाळी वाजवली का?

वैशाखातल्या एका रविवारी माणिकराव सकाळच्या एसटीने कळमनुरीला गेले, ते वैजनाथला सोबत घेऊनच परतले. काम अगदी साधं होतं. लेकीने, पुनमने, अमेरिकेहून पाठवलेला फोन डोंगरकड्याच्या घरात बसवून घ्यायचा होता. तिच्या ओळखीचं कोणीतरी हिंगोलीला येणार होतं, त्याच्या हाती तिने खोकं धाडलं होतं. त्यात एक बिनवायरचा फोन होता आणि इंटरनेटवरून फोन जोडणारी, साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी होती. खोकं आठ दिवस देवळीत पडून होतं, कारण त्या डबीला हात लावायची छाती घरात कोणाची नव्हती.

गोष्ट दोन हजार आठ सालची. घरातला जुना फोन कधीचा बंद पडला होता, तार तेवढी शाबूत होती. मोबाइल होता, पण त्याला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ मिळायची, म्हणून तो तिथेच सावलीला ठेवलेला असायचा, आणि गच्चीवर जायला लोखंडी शिडी होती. गोजरबाईंचे गुडघे कधीचे गेलेले. त्यामुळे लेकीचा फोन आला की माणिकराव वर चढून बोलत आणि खाली येऊन बायकोला सांगत, 'बरी हाय म्हणली.' आता पुनमला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण, तेही परमुलखात, आणि आईशी धड दोन शब्द बोलायला मिळत नव्हते. म्हणून तर तिने बिनवायरचा फोन पाठवला होता. आईने चुलीपुढे बसून बोलावं, उठायची तकलीफ नको.

वैजनाथ हा कळमनुरीत टीव्ही दुरुस्त करता करता संगणकात शिरलेला माणूस. हाताइतकंच तोंड चालायचं. त्याने ब्रॉडबँडच्या वायरी जोडल्या, काळी डबी त्यात खोचली, फोनची बैठक डबीला लावली आणि दीड तास कपाळावर आठ्या घालून लॅपटॉप बडवत बसला. आधी फोन मुका होता. मग पुनमचं ऐकू यायला लागलं, पण इकडचं तिला जाईना. शेवटी डबीवर निळा दिवा लागला तेव्हा गोजरबाईंनी त्याला हळद-कुंकू वाहिलं.

"एक ध्यानात ठेवा," वैजनाथ म्हणाला. "जुन्या फोनला करंट तारेतूनच यायचा. ह्याला घरची लाइट लागती. लाइट गेली की हा मुडदा. अन् हातातला घेऊन गोठ्याच्या फाटकापर्यंतच जायचं. पुढं टुंईटुंई करून बंद पडतो."

त्या संध्याकाळी सातला पुनमचा फोन आला. तिचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. गोजरबाई पाऊण तास बोलल्या, भाकरी करपली तरी बोलल्या. मग त्यांनी मडक्यांच्या उतरंडीमागून काशाची जुनी थाळी काढली आणि चिंचेने घासायला बसल्या. नातवंड झाल्याचा फोन आला की वाजवायची म्हणून.

थाळी पाहिली आणि माणिकरावांचा घास हातातच राहिला.

माणिकराव तसे वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ते विसरायला होईल. पंच्याण्णव साली गावात पहिला फोन आला तो त्यांच्या घरी, आणि अर्ध्या गावाने तो नंबर आपलाच समजून पोराबाळांना दिला. नंबरापुढे 'पी. पी.' लिहिलं की फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. माणिकराव कुरकुर न करता लोकांना बोलावून आणत. ओढ्यापलीकडच्या तांड्याचा मात्र प्रश्न होता. तिथे दर वेळी कोण जाणार? त्यावर त्यांनीच तोड काढली होती. तांड्यावरच्या कोणाचा फोन आला की ते काशाची थाळी घेऊन गच्चीवर चढत आणि वाजवत. थाळीचा आवाज ओढा ओलांडून जायचा. लोक बाहेर आले की नाव ओरडायचं. ज्याचं नाव असेल तो पळत सुटायचा. अर्ध्या तासाने पुन्हा घंटी वाजेपर्यंत माणूस ओट्यावर हजर. या युक्तीचं माणिकरावांना भारी कौतुक होतं, आल्यागेल्याला सांगायचे.

शहाण्णवच्या मे महिन्यात, एका बुधवारी दुपारी दोन वाजता, हरिचंदचा फोन आला. हरिचंद म्हणजे तांड्यावरच्या मोतीबाईचा एकुलता एक. वय एकोणीस-वीस. सुरतेकडे खडी फोडायच्या क्रशरवर गेलेला. दर बुधवारी त्याची सुट्टी असायची, पण फोन काही दर बुधवारी परवडत नसे. मोतीबाई माणिकरावांना भाऊ म्हणायची, म्हणून हा मामा म्हणायचा.

"मामा, आईला बोलवता का? अर्ध्या तासानं करतो."

माणिकराव नुकतेच जेवून पंख्याखाली आडवे झाले होते. बाहेर ऊन असं, की गच्चीवर पाय ठेवला तर कातडी सुटावी. आता उठतो, मग उठतो, करता करता डोळा लागला. घंटीनेच जाग आली.

"मामा, थाळी वाजवली का?"

"वाजवली," माणिकराव म्हणाले. "कोणी आलं न्हाई. उद्या कर."

पलीकडे क्रशरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"एक डाव आजून वाजवता का, मामा?"

"वाजवली म्हणलं न. उद्या कर." आणि त्यांनी फोन ठेवला.

उद्या फोन आला नाही. परवाही आला नाही. अकराव्या दिवशी ठेकेदाराच्या ट्रकमधून कपड्यांचं गाठोडं आलं आणि बातमी आली. पोरगं तापाने गेलं होतं. तिकडेच सगळं उरकलं होतं. मोतीबाई रडत ओट्यावर आली आणि तिने एकच गोष्ट विचारली. भाऊ, माझ्या लेकराचा फोन तर आला नव्हता न? माणिकराव म्हणाले, न्हाई. हे गोजरबाईंनाही त्यांनी कधी सांगितलं नाही. काही दिवसांनी थाळी उतरंडीमागे गेली. मग घरोघरी फोन आले, मोबाइल आले, आणि लोक पी. पी. नंबर विसरले. माणिकराव विसरले नव्हते. मेच्या दुपारी ते पंख्याखाली झोपत नसत, इतकंच.

तर, फोन बसवला रविवारी. बुधवारी दुपारी गोजरबाई शेजारी कुरडया करायला गेल्या होत्या. बारा ते सहा लोडशेडिंग. पंखा बंद, डबीवरचा निळा दिवा बंद, सगळं गाव झाकण लावलेल्या भांड्यासारखं गप्प. माणिकराव ओसरीत पेपरने वारा घेत बसले होते.

आणि दोनच्या ठोक्याला फोन वाजला.

अमेरिकेत आता पहाटेचे साडेतीन असणार. लेकीचं काही बरंवाईट तर नाही? एवढंच डोक्यात आलं आणि ते आत धावले. फोन कानाला लावल्यावर त्यांची नजर डबीकडे गेली. दिवा नव्हता.

पलीकडे घरघर होती. दगड भरडल्याची घरघर.

"मामा... थाळी वाजवली का?"

माणिकरावांनी फोन बैठकीवर ठेवला, मग बैठकीची वायरच उपटली. घामाने बनियन अंगाला चिकटलं होतं. खोलीत चुन्याच्या, नुकत्या फुटलेल्या दगडाच्या धुळीचा वास येत होता. तो वास संध्याकाळपर्यंत गेला नाही. गोजरबाईंनी आल्या आल्या विचारलं, कोणी भिंत खणली का म्हणून.

लाइट आल्यावर त्यांनी वायर पुन्हा जोडली. सात वाजले. निळा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि थांबला. घंटी वाजली नाही. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. गोजरबाई रोज सातला फोन मांडीवर घेऊन बसायच्या आणि साडेआठला मुकाट्याने उठून भाकऱ्या टाकायच्या. लेक कामात असेल, असं त्या स्वतःलाच सांगायच्या. माणिकरावांना त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

शनिवारी वैजनाथला बोलावलं. त्याने सगळ्या वायरी तपासल्या, लॅपटॉपवर डबीत आलेल्या फोनची यादी उघडली आणि माणिकरावांकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं.

"काका, फोन तर येऊनच राहिला. हे पाहा, बुध, गुरू, शुक्र, रोज सातला. अन् रोज उचललाय. वीस सेकंद, पंचवीस सेकंद."

"कोणी उचलला?"

"आता ते मी काय सांगू? घर तुमचं."

माणिकरावांनी बुधवारचा दुपारचा फोन यादीत शोधायला सांगितला. वैजनाथ म्हणाला, दुपारी लाइट नसते, तर फोन येईल कुठून? त्याने डबी बंद करून पुन्हा चालू केली, चहा घेतला आणि गेला.

मंगळवारी संध्याकाळी गच्चीवर मोबाइल वाजला. आवाज तुटत होता, पण पुनम रडत होती हे कळत होतं.

"बाबा, तुम्ही असं का करताय? आई कुठे आहे? मी रोज फोन करते, तुम्हीच उचलता आणि एकच सांगता... थाळी वाजवली, कोणी आलं न्हाई, उद्या कर... आणि ठेवून देता. कसली थाळी, बाबा?"

माणिकरावांनी टाकीचा आधार घेतला. तो मी नव्हे, असं ते म्हणू शकले नाहीत. वाक्य त्यांचंच होतं. तोडून टाकायचा तो सूरसुद्धा त्यांचाच असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

पुनमने सांगितलं की तिला उद्या सकाळी दवाखान्यात दाखल करणार आहेत, पोट फाडावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. तिला भीती वाटतेय. जायच्या आधी फक्त आईशी बोलायचंय. म्हणजे इथले संध्याकाळचे सात. "बाबा, उद्या तरी आईला..." आणि रेंज गेली.

रात्रभर माणिकरावांनी कूस बदलली. एका बाईला आपण तिच्या लेकराचा आवाज ऐकू दिला नाही. आता दुसरीला मिळत नव्हता, आणि ती दुसरी त्यांच्याच बाजूला झोपली होती. हिशेब कोणीतरी चोख ठेवला होता, आणि त्यात माणिकरावांना बोट ठेवायला जागा नव्हती.

बुधवारी ते सकाळपासूनच फोनजवळ बसून राहिले. गोजरबाई न्हाणीत कपडे धूत होत्या. बाराला लाइट गेली. दोनला, मेलेल्या डबीवरचा फोन वाजला.

"मामा... थाळी वाजवली का?"

"थांब," माणिकराव म्हणाले. "थांब लेकरा. आता वाजवतो."

घासून लख्ख केलेली थाळी त्यांनी उचलली आणि अनवाणीच शिडी चढले. शिडीच्या लोखंडाने तळहात भाजले, गच्चीने तळपाय. तरी ते मधोमध उभे राहिले आणि लाटण्याने थाळी वाजवू लागले. आवाज ओढ्यापलीकडे गेला, डोंगराला लागून परत आला. "मोतीबाई... मोतीबाईऽ..." शेजारच्या गच्चीवरचे कावळे उडाले. तांड्यावर आता सिमेंटची घरं होती, पत्रे होते, टीव्हीच्या छत्र्या होत्या. एक बाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती थांबली, इकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागली. थाळीचा अर्थ कळणारं तिथे कोणी उरलं नव्हतं. माणिकराव वाजवत राहिले. पायांना फोड आले तेव्हा थाळी तिथेच टाकून खाली उतरले.

फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"वाजवली. आईची आण, वाजवली. पण... कोणी आलं न्हाई."

घरघर थांबली. इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की त्यांना वाटलं, सुटलो. मग आवाज आला. त्यात राग नव्हता. उलट आर्जवच होतं.

"मग घेऊन या की, मामा. आता तर वायर न्हाई."

माणिकराव फोन कानाला लावून निघाले. अंगण ओलांडलं. गोठ्याच्या फाटकापाशी ते क्षणभर थबकले. इथे टुंईटुंई होऊन बंद पडतो, वैजनाथ म्हणाला होता. त्यांनी देवाचं नाव घेऊन फाटक उघडलं. फोन बंद पडला नाही. बाभळीच्या सावलीत, ओढ्याच्या कोरड्या वाळूत, पलीकडच्या चढावर, कानाशी श्वास चालूच होता. तापलेल्या माणसाचा असावा तसा आखूड, भरभर. माणिकराव जरा थांबले की तोही थांबायचा.

मोतीबाई शेवटच्या घराच्या पडवीत गोधडीला टाके घालत बसली होती. म्हातारी झाली होती, पण बसणं ताठ होतं. बारा वर्षं माणिकराव या वाटेला आले नव्हते. तिने त्यांचे पाय पाहिले आणि आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"मोतीबाई, तवा हरिचंदचा फोन आला होता," ते म्हणाले. "दोनदा. मी झोपलो होतो. थाळी वाजवलीच न्हाई, अन् त्याला वाजवली म्हणून सांगितलं. तुला बी खोटं बोललो."

मोतीबाईने सुई गोधडीत टोचून ठेवली.

"मला म्हाईत हाय, भाऊ. गाठोडं आणणाऱ्यानं सांगितलं होतं, पोरानं फोन लावला म्हणून. त्याच्या सुट्टीच्या रोजी मी दुपारभर ओढ्याच्या बांधावरच बसलेली राहायची. तुमच्या गच्चीकडं पाहत. त्या रोजी बी बसले होते. तुमी नुस्ता हात जरी केला असता... नंतर इचारलं तर न्हाई म्हणले तुमी. मग मी बी पुन्हा काहून इचारायचं?"

माणिकरावांनी फोन पुढे धरला. तिने कोणाचा म्हणून विचारलं नाही. पदराने हात पुसले, फोन कानाला लावला आणि ऐकत राहिली. मग आपल्या बोलीत हळूहळू बोलू लागली. माणिकरावांना ती बोली पुरती कळत नव्हती. 'याडी' म्हणजे आई, एवढं येत होतं, आणि तो शब्द फोनमधून पुन्हा पुन्हा बाहेर ऐकू येत होता. ते पडवीच्या खांबाला टेकून लहान पोरासारखे रडले.

बऱ्याच वेळाने तिने फोन परत दिला. त्याच्या पडद्यावर काही नव्हतं. नुसतं प्लास्टिक, पण उन्हात राहिल्यासारखं तापलेलं.

"काय म्हणला?" माणिकरावांनी विचारलं.

"लई ताप हाय म्हणला. घरी येऊ का, म्हणून इचारत होता." मोतीबाईने सुई पुन्हा उचलली. "ये म्हणलं. येतो म्हणला."

माणिकराव घरी कसे आले ते त्यांना आठवत नव्हतं. गोजरबाईंनी पायांना कोरफड लावली आणि उन्हात थाळी बडवत काहून उभे होते म्हणून विचारलं. तेव्हा त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, बारा वर्षांचं. गोजरबाईंनी लावलेली कोरफड पुन्हा नीट केली आणि तोंड फिरवून बसल्या.

सहाला लाइट आली. सातला निळा दिवा लुकलुकला. दोघं फोनकडे पाहत राहिले. घंटी वाजली नाही. गोजरबाईंचे डोळे भरून आले.

आणि वर, गच्चीवर, थाळी वाजली. तीन वेळा. सावकाश, कोणाला तरी बोलवावं तशी.

माणिकरावांनी फोन उचलून कानाला लावला. लाइन चालू होती.

"हो, थांबलेय मी," पुनम कोणाला तरी सांगत होती. "बाबा? तुम्ही का? आत्ता कोणी उचलला होता? मुलगा होता कोणीतरी, फार गोड बोलला. म्हणाला, थांबा ताई, थाळी वाजवतो, मामा-मामी येतीलच."

माणिकरावांनी फोन बायकोच्या हातात दिला. "बोल माय, बोल," असं गोजरबाई म्हणाल्या, आणि मग घरात एका लेकीचं हसणं-रडणं आणि एका आईचं समजावणं सुरू झालं. ज्यासाठी एवढा जीव तुटत होता ते मिळालं होतं. माणिकराव लंगडत अंगणात आले.

अंगणात मोतीबाई उभी होती. ओढा ओलांडून आलेली, धाप लागलेली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. थाळी ऐकली म्हणून आले, असं ती म्हणाली. मग तिने मान वर केली, गच्चीच्या काठाकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की माणिकरावांनी नजर खाली घातली.

"उतर बेटा," ती म्हणाली. "जेवून घे."

शिडीची सगळ्यात वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची. मग तिच्या खालची.

माणिकराव मान वर न करता शिडीपासून बाजूला झाले आणि वाट करून दिली.